बिनतारी हेडफोनची पारख

चष्मा घ्यावयाचा झाला तर आपण तो डोळ्यांवर चढवून पाहतो. जोडे घेताना दुकानातल्या दुकानात चार पावले चालून पाहतो. हेडफोन मात्र आपण पेटीवरचे आकडे वाचून घेतो, आणि आठ दिवसांनी कान दुखू लागले म्हणजे दोष आपल्या कानांना देतो. दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळणारे, संपूर्ण कान झाकणारे बिनतारी हेडफोन आज लहानसहान गावांच्या दुकानांतूनही दिसतात. त्यांची पारख कशी करावी, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. मी या शास्त्रातला तज्ज्ञ नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु गेल्या जून महिन्यात एका प्रसंगाने मला या विषयात लक्ष घालणे भाग पडले.

बेळगावच्या वडगाव भागात यंत्रमाग आणि संसार एकाच छपराखाली असलेली घरे आहेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच घरात राहते. दहावीनंतर तिने विज्ञान शाखा घेतली आणि फोनवर ध्वनिमुद्रित धडे ऐकून ती रोज तीन-चार तास अभ्यास करते. भिंतीपलीकडे माग चालू असतात. कानात खुपसावयाची स्वस्त बोंडे लावून, आवाज अगदी शेवटपर्यंत वाढवून ती ऐकत असे. एके दिवशी तिच्या वडिलांनी ती बोंडे सहज स्वतःच्या कानांत घालून पाहिली आणि ते चमकले. त्यांना धड्यातला शब्दन्‌शब्द ऐकू आला. तीस वर्षे मागापाशी उभे राहून ज्याचे कान मंद झाले आहेत त्याला जो आवाज स्वच्छ ऐकू येतो, तो सोळा वर्षांच्या मुलीच्या कानांत किती मोठा असेल, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. “सर, माझे कान तर मागानं खाल्ले. पोरीचे तेवढे शाबूत राहू देत बघा,” एवढेच म्हणाले.

त्यांची भीती अनाठायी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यातून ४० तास ऐकावयाचे असेल तर आवाजाची सरासरी पातळी ८० डेसिबेलच्या वर जाऊ नये; मुलांसाठी ती ७५ धरलेली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबेलला हा अवधी निम्मा होत जातो. प्रौढांच्या हिशेबाने ८३ डेसिबेलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला अवघे ५ तास. आणि हे दिवसाचे नव्हेत, आठवड्याचे. धोट्याच्या यंत्रमागाजवळचा खटखटाट ९० डेसिबेलच्या वर सहज जातो. अंतःकर्णातील ज्या सूक्ष्म केशपेशी ध्वनी टिपतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मुलीचा दोष इतकाच होता की बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी ती आतला आवाज वाढवीत होती, आणि गोंगाटात बसलेला कोणीही माणूस हेच करतो.

म्हणून आम्हांला हवा होता तो असा हेडफोन की जो बाहेरचा गोंगाट बाहेरच ठेवील आणि कमी आवाजात भागवील. हे काम सर्वांत आधी करते ती कानाभोवतीची गादी. पेटीवर तिच्याविषयी एक ओळही छापलेली नसते.

पेटीवर काय छापलेले असते? पडदा ४० मिलिमीटरचा. कंपने २० पासून २०,००० पर्यंत. खर्ज दमदार. विद्युत्घट ४० तास. यातील २० ते २०,००० कंपने हा आकडा हजार रुपयांच्या हेडफोनवरही असतो आणि वीस हजारांच्याही. माणसाचा कान दर सेकंदाला सुमारे इतकीच कंपने ऐकू शकतो, आणि वाढत्या वयाबरोबर वरची कंपने त्यालाही ऐकू येईनाशी होतात. पण एखादे यंत्र ही सर्व कंपने काढते एवढे सांगून काहीच सांगितल्यासारखे होत नाही. कोणती किती जोराने काढते, यावर सारे अवलंबून असते. आमच्या शाळेच्या प्रार्थनेत सर्व मुले गातात हे खरे, पण पुढच्या रांगेतली दोघेच ओरडत असली तर बाकीच्यांचे असणे-नसणे सारखेच! पडद्याच्या व्यासाचेही तसेच. पडदा कशाचा केला आहे, त्यामागचे वेटोळे आणि चुंबक कसे आहेत, मागची पोकळी कशी राखली आहे, हे जुळले नाही तर ४० मिलिमीटर कोणाच्याही उपयोगाचे नाहीत.

मग अधिक पैसे मोजले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने निरनिराळ्या किमतींच्या २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. कोणत्या कंपनांना किती उठाव मिळतो याचा आणि बाजारभावाचा काही संबंध त्यांना आढळला नाही. बांधणी, साहित्य, नाव यांसाठी किंमत वाढत असेल. परंतु महाग म्हणून कानाला गोड, असा नियम नाही. आमच्यासारख्यांना एवढा दिलासा पुरेसा होता. आम्ही तिघे खडेबाजारात गेलो.

दुकानदाराने तीन जोड काढून ठेवले : बाराशेचा, अठराशेचा आणि सत्तावीसशेचा. गृहस्थ सज्जन होता. त्याने लगेच दणदणीत वाजणारे एक गाणे लावले. “बास बघा की सर, कसला घुमतोय!” मी त्यांना गाणे बंद करावयास सांगितले आणि मुलीला पहिला जोड नुसता घालून वीस मिनिटे बसावयास लावले. दुकानदार जरा चकित झाला, पण त्याने चहा मागवला.

वीस मिनिटे का, तर पहिल्या मिनिटाला प्रत्येक हेडफोन मऊच लागतो. कानाची पाळी गादीच्या आत पूर्ण मावली पाहिजे, गादीखाली दबता कामा नये. गादी उथळ असली तर कानाचे टोक आतल्या कापडाला टेकते. दहा मिनिटे काही वाटत नाही, नंतर तेथे आग होऊ लागते. डोक्यावरची कमान टाळूच्या एकाच बिंदूवर टेकली तर तेथे ठणका लागतो. मुलीला चष्मा आहे, आणि चष्मा असणाऱ्याने हेडफोन चष्म्यासकटच घालून पाहावा. चष्म्याची दांडी गादीखालून जाते तेथे फट राहते. त्या फटीतून खर्ज स्वर बाहेर निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. ही फट ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. काहीतरी वाजत असताना दोन्ही तळहातांनी दोन्ही गाद्या हलकेच दाबाव्या. दाबताच खर्ज एकदम भरून आला, तर गादी नीट बसलेली नाही असे समजावे. बाराशेच्या जोडाची गादी याच परीक्षेत नापास झाली. सत्तावीसशेच्या जोडाची पकड इतकी घट्ट होती की चष्म्याची दांडी कानशिलात रुतू लागली. नव्या हेडफोनची पकड काही दिवसांत थोडी सैलावते, रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवल्यास लवकर सैलावते, हे खरे. पण रुतणाऱ्या वस्तूने ती सैल होईपर्यंत चार-चार तास अभ्यास कोण करील?

या सर्वांत महाग जोडात गोंगाटनिवारणाची सोय होती. तिचा थोडा इतिहास सांगण्याजोगा आहे. हेडफोन ही वस्तू तशी जुनीच. अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० च्या सुमारास घरच्या स्वयंपाकखोलीत बसून ते तयार केले आणि अमेरिकन आरमाराने ते विकत घेतले. पुढे १९७८ मध्ये अमर बोस हे झुरिचहून बॉस्टनला विमानाने जात असता इंजिनाच्या घरघरीपुढे त्यांना हेडफोनमधले संगीत नीट ऐकू येईना. बोस यांचे वडील कलकत्त्याचे. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेऊन पुढे अमेरिकेत गेलेले. बोस यांनी प्रवासातच गणित मांडावयास घेतले : बाहेरचा ध्वनी सूक्ष्म ध्वनिग्राहकाने टिपावा आणि त्याच्या नेमका उलट ध्वनी कानात सोडावा, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील. कल्पना त्याहूनही जुनी होती, परंतु वैमानिकांच्या आणि पुढे प्रवाशांच्या कानांवर ती चढली ती त्यांच्या खटाटोपाने. आज ती सोय दोन-तीन हजारांच्या हेडफोनमध्येही येऊन पोहोचली आहे.

दुकानातील पंख्याची घरघर त्या जोडाने जादूने नाहीशी केली. मुलगी खूष झाली. एवढ्यात तिच्या वडिलांनी गल्ल्यावरची लोखंडी पट्टी उचलली आणि फळीवर खट् खट् अशी मागाच्या ठेक्यात आपटली. मुलगी म्हणाली, “हे तर ऐकू येतंय, बाबा!” येणारच होते. ही युक्ती एकसारख्या चालणाऱ्या, जाड घरघरीवर चालते : विमान, पंखा, रेल्वेचा डबा. तुटक खटक्यावर आणि माणसांच्या बोलण्यावर तिचे बळ फार थोडे, आणि स्वस्त यंत्रात त्याहून थोडे. तेथे पुन्हा गादीच कामास येते. रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्याला मी ही सोय अवश्य घ्यावयास सांगेन. मागाशेजारी राहणाऱ्या मुलीसाठी तिच्यापायी नऊशे रुपये अधिक देणे मला पटले नाही.

आता नादाविषयी. दोन जोडांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवणे हे पहिले पथ्य. जो थोडा मोठा वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो, आणि दुकानात या भ्रमाने पुष्कळांचे पैसे जातात. दुसरे, अनोळखी गाण्यावर परीक्षा करू नये. मूळ कसे आहे हेच माहीत नसेल तर बिघडले काय हे कसे कळणार? फार जुनी ध्वनिमुद्रिकाही घेऊ नये, कारण केसरबाई केरकरांचा स्वर कितीही दिव्य असला तरी त्या काळच्या तबकडीत वरखालची कंपने उतरलीच नव्हती. मी स्वतः आमच्या चर्चच्या गायकवृंदाचे मी फोनवर टिपलेले एक गीत लावतो. त्यातील प्रत्येकाचा गळा मला ठाऊक आहे. मुलीच्या फोनमध्ये तिच्या आजीने सांगितलेली एक गोष्ट होती. ती लावली. बाराशेच्या जोडात आजी घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी वाटली. दमदार खर्ज म्हणून ज्याची जाहिरात होते तो बहुधा असाच असतो : ढोलकी घुमते आणि तिच्या घुमण्याखाली शब्द बुडतो. शब्द बुडाला की ऐकणारा आवाज वाढवतो, म्हणजे पुन्हा मूळ दुखण्यापाशी आलो. अठराशेच्या जोडात आजीचा ‘स’ आणि ‘श’ वेगळे ऐकू आले, आणि दोन वाक्यांच्या मध्ये तिने घेतलेला श्वासही. मुलगी हसली. माझ्या मते निकाल तेथेच लागला.

बिनतारीपणाचे दोन दोष सांगून ठेवतो. ध्वनी बिनतारी मार्गाने पोहोचण्यास किंचित उशीर लागतो. धडा ऐकताना तो जाणवत नाही, पण पेटीवर बोट ठेवून सूर हेडफोनमध्ये ऐकू म्हणणाऱ्याचा ताल चुकतो. आणि हेडफोन लावूनच फोनवर बोलू लागलो की नाद एकदम पातळ होतो. ती वस्तू बिघडलेली नसते, एकाच वेळी बोलणे नेण्या-आणण्यासाठी तिला ध्वनीचा दर्जा उतरवावा लागतो.

बांधणी पाहताना बिजागऱ्या दहा वेळा उघडून मिटून पाहाव्या. कमान लांब-आखूड करावयाचा सरकता भाग बहुधा याच ठिकाणी तडकतो. तेथे आत धातूची पट्टी असली तर बरे. तार जोडावयाचे छिद्र आहे ना, हेही पाहावे. आतील विद्युत्घट काही शे वेळा भरल्यावर थकतो आणि तो बदलणे घरी जमत नाही. तार असली तर पुष्कळसे हेडफोन त्यानंतरही चालतात. परंतु आमच्या मुलखात सर्वांत आधी जाते ती पुन्हा गादीच. तिच्यावरचे कातडे हे कातडे नसते, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतल्या दमटपणाने आणि घामाने त्याचे रासायनिक बंध तुटत जातात आणि दोन-तीन पावसाळ्यांत काळे पापुद्रे गालावर चिकटू लागतात. बेळगाव काय, गोवे काय, हे टळत नाही. म्हणून गादी निघते का, आणि सुटी मिळते का, हे विचारूनच घ्यावे. अठराशेच्या जोडाची गादी निघत होती. दुकानदाराने आतल्या खोलीतून सुट्या गाद्यांची एक जोडी शोधून आणली आणि चहाचे पैसे न घेता अडीचशे रुपये सांगितले. वडिलांनी ती त्याच वेळी घेतली.

परवा ते गृहस्थ रस्त्यात भेटले. मुलगी आता आवाज निम्म्यावर ठेवून ऐकते, असे म्हणाले. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी तो हेडफोन, ती ऐकत असतानाच, स्वतःच्या डोक्यावर चढवून पाहिला होता. “सर,” ते हसत हसत म्हणाले, “मला एक अक्षर ऐकू आलं नाही बघा.”