मार्थेची फिर्याद

जेरुसलेमच्या पूर्वेस, जैतुनांच्या डोंगरापलीकडच्या उतरणीवर, शहरापासून सुमारे तीन किलोमीटरांवर बेथानी नावाचे खेडे होते. तेथील एका घरी घडलेली पाहुणचाराची हकीकत लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाच्या अखेरीस अवघ्या पाच वचनांत सांगितली आहे (गावाचे नाव त्याने दिलेले नाही, ते आपल्याला योहानाकडून कळते). आणि सेवेची धावपळ व उपासनेची निवांतता यांचा ख्रिस्ती माणसाच्या अंतःकरणात आजतागायत जो वाद चालू आहे, त्या वादाचे मूळ दफ्तर म्हणजे ही पाच वचने होत.

मार्था ही घरची कारभारीण. येशू आला तेव्हा त्याला घरात घेणारी तीच. बरोबर शिष्यमंडळीही असणार, म्हणजे पाय धुण्याच्या पाण्यापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत सगळी सरबराई तिच्याच अंगावर येऊन पडलेली. तिची बहीण मरीया मात्र पाहुण्याच्या पायांशी बसून त्याचे बोलणे ऐकण्यात गढलेली. अखेर मार्थेचा धीर सुटला. परंतु तिने बहिणीला आत बोलावून चार शब्द सुनावले नाहीत, तर सगळ्यांदेखत थेट पाहुण्यापुढेच फिर्याद मांडली, आणि त्या फिर्यादीत बहिणीइतकाच पाहुण्यावरही ठपका होता, की एकटीवर इतका भार पडलेला दिसत असूनही तुम्ही काही बोलत नाही. त्यावर येशूने तिला दोनदा नावाने हाक मारून, अतिशय मायेने, तू पुष्कळ गोष्टींची काळजी करून त्रस्त झाली आहेस, गरज थोड्याचीच आहे, आणि मरीयेने निवडलेला वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, अशा आशयाचे उत्तर दिले.

या प्रसंगावर जी प्रवचने होतात त्यांतील बहुतेकांत मार्थेची गय होत नाही, आणि गंमत अशी की ती प्रवचने संपल्यावर प्रवचनकारासह सगळी मंडळी कोणा मार्थेनेच रांधलेल्या पंगतीला बसते. लूकने ही हकीकत कोठे ठेवली आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तिच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. वाटमाऱ्यांनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाला पाहून याजक बाजूने निघून जातो, लेवीही निघून जातो, आणि परक्या जातीचा शोमरोनी मात्र त्याच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो आणि वरखर्चाची हमीही देतो. आणि ज्या शास्त्र्याने ‘माझा शेजारी कोण?’ असा प्रश्न विचारला होता त्याला, जा, तूही तसेच कर, असे बजावण्यात येते. एका पानावर ऊठ आणि कर ही आज्ञा, आणि पान उलटताच बसून ऐकणारीची प्रशंसा! लूकसारख्या काटेकोर लेखकाच्या हातून हा शेजार चुकून घडला असेल, असे मानणे कठीण आहे. ठपका मार्थेच्या कामावर नाही. काम करताकरता जे मन फाटून शंभर ठिकाणी गेले आणि फिर्यादीच्या रूपाने बाहेर पडले, त्या मनाची ती चिकित्सा आहे.

स्वतः येशूची दिनचर्या पाहिली तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मार्कने पहिल्याच अध्यायात कफर्णहूम येथील एका शब्बाथाचा वृत्तांत दिला आहे: सकाळी सभास्थानात शिक्षण, तेथेच एका पीडिताची मुक्तता, मग शिमोनाच्या घरी त्याच्या तापाने फणफणलेल्या सासूला आराम, आणि सूर्य मावळताच सगळे गाव रोग्यांना घेऊन दाराशी लोटलेले. इतक्या श्रमानंतर दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपला असता तरी कोणी नाव ठेवले नसते. परंतु तो पहाटे, अंधार असतानाच, उठून एकांत स्थळी प्रार्थनेला गेला. शिमोन व त्याचे सोबती त्याला हुडकत गेले आणि सगळे आपला शोध करीत आहेत, अशी वर्दी त्यांनी दिली. तर तो मागे न फिरता पुढच्या गावांकडे निघाला. कोणत्या हाकेला ओ द्यावयाची आणि कोणती हाक मागे सोडावयाची, हा निर्णय त्या पहाटेच्या एकांतात झाला असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. याची उलट बाजूही मार्कनेच सहाव्या अध्यायात नोंदली आहे. जेवायलाही सवड मिळेना म्हणून येशू शिष्यांना घेऊन निर्जन ठिकाणी निघाला, तर लोक पायी धावत त्याच्या आधीच तेथे पोहोचले, आणि त्यांना पाहून वैताग न येता त्याला कळवळा आला; विश्रांतीचा बेत मोडला, पाच हजारांची पंगत उठली, आणि सगळ्यांना निरोप देऊन झाल्यावर मगच तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. एकांत पुढे ढकलला गेला, रद्द झाला नाही.

पुढच्या शतकांत या तोलाचा जितका बारकाईने विचार इटलीतील बेनेडिक्ट या मठाधिपतीने केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. सहाव्या शतकात माँते कासिनो येथील मठासाठी त्याने जी नियमावली लिहिली, तिच्यात दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा सामुदायिक प्रार्थना सांगितली आहे, आठवड्यात दीडशेही स्तोत्रे म्हटली जावीत असा दंडक घातला आहे, आणि या ईश्वरी कार्याच्या आड दुसरे कोणतेही काम येऊ देऊ नये अशी सक्त ताकीद आहे. तरीही तीच नियमावली आळसाला आत्म्याचा शत्रू ठरवून हातांनी करावयाच्या कामाचे तासही तितक्याच काटेकोरपणे आखून देते. कोठीच्या कारभाऱ्याने मठातील भांडीकुंडी वेदीवरील पवित्र पात्रांइतक्या जपणुकीने हाताळावीत, असे ती सांगते.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पस्तिसावा अध्याय, कारण तो मुदपाकखान्याविषयी आहे. स्वयंपाकाचे काम कोणा एकाच्या माथी न मारता सर्व बंधूंनी आठवड्याआठवड्याने आळीपाळीने करावे; ज्यांची प्रकृती नाजूक त्यांना मदतनीस द्यावेत; पाळी संपणाऱ्याने शनिवारी पुसणी धुऊन द्यावीत, पाळी लागणाऱ्यासह सर्वांचे पाय धुवावेत, भांडी स्वच्छ व शाबूत कोठीत जमा करावीत; आणि रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर दोघांनीही मंदिरात सर्वांसमोर नम्र होऊन आपल्यासाठी प्रार्थना मागावी, म्हणजे पाळीचा आरंभ आणि शेवट दोन्ही वेदीपुढे. इतके सांगून झाल्यावर बेनेडिक्ट आणखी एक लहानसा नियम घालतो: पंगतीच्या तासभर आधी वाढणाऱ्यांना नेमल्या शिध्याहून अधिक थोडी भाकरी आणि पेय द्यावे, जेणेकरून त्यांनी भावांची सेवा कुरकुर न करता आणि अतिश्रम न होता करावी. मार्थेच्या फिर्यादीचे याहून व्यवहारी उत्तर माझ्या वाचनात नाही. उपाशी पोटी दुसऱ्यांना वाढणारा माणूस कुरकुरणारच, हे त्या मठाधिपतीने ओळखले होते, आणि ते ओळखून त्याने त्याला उपदेश न करता आधी खायला दिले.

ज्यांच्या हाती मोठा कारभार असतो त्यांची अडचण निराळी असते. बाराव्या शतकात क्लेअरव्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याचा एक जुना शिष्य ११४५ मध्ये पोपच्या पदावर आरूढ झाला आणि तिसरा युजीन या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या दरबारी सकाळपासून रात्रीपर्यंत दावे, अपिले आणि वकिलांची गर्दी असे. बर्नार्डने त्याला सल्ला देण्यासाठी एक ग्रंथच लिहिला, आणि तू सर्वांचा झाला आहेस तर त्या सर्वांत तू स्वतःही एक आहेस, मग तुझा वाटा तुलाच तेवढा का मिळू नये, असा बिनतोड प्रश्न केला. गीतरत्नावरील एका प्रवचनात हाच बर्नार्ड सांगतो, की पाटाने आलेले पाणी आले तसे पुढे जाते, तळे मात्र आधी भरते आणि मग काठ ओलांडून वाहते; आणि मंडळीत पाट पुष्कळ, तळी थोडी, अशी खंतही व्यक्त करतो.

येथे एका लोकप्रिय पळवाटेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. काम हीच प्रार्थना, असे म्हणून अनेक सेवाभावी मंडळी प्रार्थनेची वेळ कामाच्या खात्यात वर्ग करतात, आणि दाखल्यादाखल सतराव्या शतकातील पॅरिसच्या कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्सचे नाव घेतात, ज्याला स्वयंपाकघराच्या गलबल्यातही देवाचे सान्निध्य मंदिरातल्याइतकेच लाभत असे. आपल्याकडे अरणच्या सावता माळ्याचे नाव असेच घेतले जाते. परंतु लॉरेन्स ज्या मठात कढया घाशीत होता तेथे प्रार्थनेच्या घंटा ठरल्या वेळी वाजत होत्या, आणि सावतोबांच्या मळ्यात नामाला खंड नव्हता, हे सोयिस्करपणे विसरले जाते. उलट बाजूने, प्रार्थनेचा पडदा करून दुःखिताकडे पाठ फिरवणाऱ्यांसाठी व्हिन्सेंट द पॉल याचा दाखला पुरेसा आहे. १६३३ मध्ये लुईझ द मारियाक हिच्या साहाय्याने त्याने ज्या भगिनींचा संघ उभा केला, त्यांना त्याने मठाच्या भिंतीऐवजी शहराचे रस्ते नेमून दिले, आणि प्रार्थनेच्या वेळी एखाद्या रोग्याची हाक आली तर प्रार्थना सोडून निःशंक जावे, तेथेही देवच भेटेल, अशी मुभा दिली. मात्र त्याच भगिनी पहाटे चारला उठून ध्यानाला बसत. मुभा त्यांना होती ती यामुळेच.

महाराष्ट्रात या सगळ्याचे प्रत्यंतर पाहावयाचे तर पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात जावे लागते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघात राहिल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. या भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम पाहून आपले मन कसे पालटले, हे रमाबाईंनी स्वतःच्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. त्या घरांत त्यांना एकाच छताखाली दोन गोष्टी दिसल्या: घड्याळाबरहुकूम चालणारी उपासना, आणि पतिता म्हणून जिच्या सावलीलाही लोक भीत अशा बाईची हातांनी केलेली शुश्रूषा.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत सुरू केलेले विधवांसाठीचे शारदासदन पुढे पुण्यात आले. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणल्या, तेव्हा केडगावची विकत घेतलेली शेतजमीन हेच मुक्तिसदन झाले. रमाबाईंचे आईबाप आणि बहीण दुष्काळातच गेली होती, त्यामुळे उपासमारीचा चेहरा त्यांना कोणी वर्णन करून सांगण्याची गरज नव्हती. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार जणींचे दळण, पाणी, कपडेलत्ते, औषधपाणी, शाळा, माग, तेलघाणा, दूधदुभते आणि शेती असा पसारा एका बाईच्या देखरेखीखाली चालला असताना प्रार्थनेला सवड मिळाली नाही, असे म्हणावयास पुरेपूर जागा होती. झाले ते उलटच. संस्थेच्या वार्तापत्राचे नावच ‘मुक्ति प्रेअर बेल’. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्वेच्छेने एकत्र येण्याचे आवाहन केले तेव्हा सुमारे सत्तर जणी जमल्या, आणि जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. त्या महिन्याअखेर जे धर्मजागरण उसळले ते मुळीच शांत नव्हते; शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापे कबूल करीत, आणि शिष्टसंमत मिशनरी वर्तुळांत त्याविषयी पुष्कळ भुवया उंचावल्या. भक्ती म्हणजे कुजबुजच असली पाहिजे, हा आपला समज केडगावने खोटा ठरविला.

रमाबाईंचा स्वतःचा एकांत मात्र टेबलाशी होता. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे सुबोध मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी याच कोलाहलात हाती घेतले आणि सुमारे दीड तप नेटाने चालविले, कारण उपलब्ध भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बाईला कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. (हा लेख ज्या वळणाने लिहिला जात आहे, ते त्यांना पसंत पडले असते असे नव्हे.) खिळे जुळविणे, छपाई आणि बांधणी मुक्तीतील मुलीबायकांनीच केली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

विसाव्या शतकात इतरही काही प्रयोग झाले. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. १९२२ मध्ये इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी अहमदनगरला आरंभिलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्यास आश्रमरूपाने स्थिरावला. कोलकात्यास मदर तेरेसांच्या भगिनींनी १९७३ पासून रोजच्या दिनक्रमात तासाभराची आराधना वाढविली, तीही मरणोन्मुखांच्या सेवेचा व्याप वाढत असतानाच. या सर्वांत एक गोष्ट समान आढळते: उपासनेचा वेळ सवडीवर सोडलेला नव्हता, कचेरीच्या हजेरीसारखा तो नेमून दिलेला होता, कारण सेवा करणाराला सवड कधीच मिळत नाही.

नाताळ जवळ आला की मंडळ्यांच्या बैठका बसतील, कार्यक्रमपत्रिका छापल्या जातील, प्रीतिभोजनाचा अंदाज काढला जाईल, आणि स्वयंपाकाची यादी दरसालच्या त्याच पाचसहा बायांच्या नावाने निघेल. पंचांना आणि पाळकांना माझी विनंती एवढीच आहे, की यंदा त्या यादीत पुरुषांची नावे घालून पाळ्या लावाव्यात, चुलीशी असणाऱ्यांना पंगतीआधी खायला द्यावे, आणि उपासना सुरू होण्यापूर्वी मुदपाकखाना बंद करून सगळ्यांना आत बसू द्यावे. जेवण अर्धा तास उशिरा झाले तरी चालेल.