वजन उचलणाऱ्याच्या बुटाची टाच

एक प्रयोग करून पाहा. पावलांत खांद्यांइतके अंतर ठेवा आणि टाचा न उचलता पूर्ण खाली बसा. काहींना हे सहज जमेल. काहींचा तोल मागे जाईल. आता टाचांखाली दोन सेंटीमीटर जाडीची फळी ठेवून पुन्हा बसा. बसणे सोपे वाटेल, पाठही अधिक ताठ राहील. असे का व्हावे?

तोल राहण्यासाठी गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पावलांनी व्यापलेल्या जागेत पडावा लागतो. बसताना कंबर मागे जाते. तिची भरपाई म्हणून गुडघे तरी पुढे गेले पाहिजेत, नाहीतर धड तरी पुढे वाकले पाहिजे. घोटा ताठर असेल तर गुडघे अडतात आणि धड वाकते. टाच उचलली की घोट्याची ही अडचण कमी होते.

आता खांद्यांवर ६० किलोग्रॅमचा बार आहे असे समजा. धड वाकले की बार आणि कंबरेचा सांधा यांतील आडवे अंतर वाढते. भाराला या अंतराने गुणले की वळवणारा जोर, म्हणजेच आघूर्ण, मिळते. अंतर ५ सेंटीमीटरने वाढले, तर ६० × ९.८ × ०.०५, म्हणजे सुमारे २९ न्यूटन-मीटर इतका जादा जोर कंबरेच्या व पाठीच्या स्नायूंवर येतो. तो पेलला नाही की पाठीला बाक येतो आणि दुखापतीचा धोका वाढतो. उंच टाचेने हा जोर नाहीसा होत नाही. त्यातला काही भाग गुडघ्यांकडे, मांड्यांच्या बळकट स्नायूंकडे जातो.

तालमीतला मल्लही बैठका मारताना टाचा उचलतो. पण तेव्हा त्याचा पाया चवड्यांपुरताच उरतो. स्वतःच्या वजनाला तो पुरतो, जड बारला नाही. वेटलिफ्टिंगच्या बुटात टाच उंच राहते आणि आधार मात्र संपूर्ण पावलाला मिळतो.

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलोग्रॅम गटात एकूण २४८ किलोग्रॅम वजन उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या एका किलोग्रॅमने हुकले. अशा खेळात पाया डळमळून चालत नाही.

म्हणूनच धावण्याचे मऊ बूट येथे उपयोगी नाहीत. स्पंजावर वीट ठेवून तिची एक कड दाबा. ती लगेच कलते. खास बूट नसतील तर सपाट, टणक तळाचे बूट चालतील. सुरुवात शिक्षकांच्या देखरेखीखाली, रिकाम्या बारने करा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने ठेवा, टाचा टेकलेल्या असू द्या.

दुकानात बूट घेताना टाचेचा तळ अंगठ्याने दाबून पाहा. तो दबला, तर तो बूट वजन उचलण्यासाठी नाही.