पंख गमावलेला गरुड

रोझमेरी सटक्लिफ यांच्या ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ (१९५४) या किशोर-कादंबरीच्या मुळाशी दोन कोडी आहेत. रोमनांच्या नवव्या लीजनचा, म्हणजे पलटणीचा, यॉर्कमधील इ. स. १०७-०८च्या शिलालेखानंतर ब्रिटनमध्ये मागमूस लागत नाही. दुसरे कोडे सिल्चेस्टरच्या उत्खननात १८६६ साली सापडलेल्या, पंख नसलेल्या काशाच्या गरुडाचे. तो आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. सटक्लिफ यांनी त्याला पलटणीचे निशाण ठरवले आणि वडिलांच्या फौजेचा छडा लावायला कथानायक तरुण मार्कसला रोमन ब्रिटनच्या उत्तर सीमेवरच्या हेड्रियनच्या भिंतीपलीकडे धाडले. कल्पना झकासच! अभ्यासकांना मात्र तो गरुड एखाद्या पुतळ्याचा भाग वाटतो, आणि पलटणीच्या नंतरच्या खुणा नेदरलँड्समधील नायमेगेनला मिळाल्या आहेत.