चोक ओढायची गाडी

आजचा विषय आमची जुनी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची, गिअर स्टीअरिंगला. थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय ती सुरूच व्हायची नाही. का? तर गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. चोक ओढला की कार्ब्युरेटरमध्ये हवा कमी जाते, मिश्रणात पेट्रोल वाढतं आणि इंजिन पकडतं. ते तापलं की चोक आत ढकलायचा. कधी? ते आवाजावरून ओळखायचं. बाबा कान देऊन म्हणायचे, "थांब, अजून गार आहे." आता हे काम सेन्सर करतात, सोय झालीच. पण गाडी विकली, बाबाही गेले. बटण दाबताच सुरू होणाऱ्या गाडीत "थांब" म्हणणारं कुणी नाही. तुमच्या घरची कोणती गाडी आठवते? नक्की कळवा.