बायकांची चळवळ, भाग ७ : मत वेगळं, मोर्चा एक

निवडणुकीत एकमेकींच्या पक्षांविरुद्ध प्रचार करणाऱ्या बायका एका मागणीसाठी एकत्र येऊ शकतात का? गेल्या भागात पक्षांच्या महिला आघाड्यांबद्दल वाचून अनेकांना हा प्रश्न पडला असेल. त्याचं उत्तर १९७२च्या मुंबईत सापडतं.

राज्यात दुष्काळ होता. धान्य, तेल, रॉकेल महागलं होतं आणि रेशनच्या रांगेत तासन्‌तास उभं राहूनही पदरात पुरेसं पडत नव्हतं. अशा वेळी महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी अशा साऱ्याजणी तिच्यात होत्या. लाटण्यांनी थाळ्या बडवत निघालेले त्यांचे मोर्चे मुंबई विसरलेली नाही.

आज ही नावं आपण एका दमात घेतो, पण त्यांच्या पक्षांमधली भांडणं साधी नव्हती. १९४२च्या ‘चले जाव’ लढ्याला कम्युनिस्ट पक्षाने विरोध केला होता. समाजवाद्यांनी भूमिगत राहून तोच लढा चालवला होता. १९६४मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला, तेव्हा अहिल्याताई आणि ताराताईंच्या वाटाही वेगळ्या झाल्या. समितीत येण्यासाठी यातला कुठलाच वाद मिटवावा लागला नाही, कुणाला आपला पक्ष सोडावा लागला नाही.

हे जमलं, कारण मागणी नेमकी होती. रेशनवर पुरेसं धान्य द्या, साठेबाजांना आवरा. रिकामा डबा घरातल्या बाईने मत कुणाला दिलं ते विचारत नाही. शिवाय प्रत्येकीमागे स्वतःच्या कामातून जोडलेल्या बायका होत्या. गोरेगावच्या वस्त्यांमधल्या मृणालताईंबरोबर आल्या, गिरणगावातल्या अहिल्याताईंबरोबर. एकट्या पक्षाला इतक्या जणी गोळा करता आल्या नसत्या.

या एकजुटीला मर्यादाही होत्या. लाटणं बाईच्याच हाती का, हा प्रश्न त्या मोर्चांनी विचारला नाही. आणि १९७५मध्ये आणीबाणी आली. मृणालताई आणि प्रमिलाताई तुरुंगात गेल्या. ताराताईंचा पक्ष मात्र आणीबाणीच्या बाजूने उभा राहिला. सोबतिणीच्या स्वातंत्र्याचाच प्रश्न येतो, तिथे ‘आपण सगळ्या बायकाच’ एवढं म्हणणं पुरत नाही. तो मतभेद तोंडावर बोलायलाच हवा.

म्हणून मला वाटतं, एकजूट एकदा बांधून कायमची टिकत नाही. दर मागणीला ती नव्याने बांधावी लागते आणि कशावर आपलं एकमत नाही हेही तेव्हाच सांगावं लागतं. मतपेटीपाशी वेगळ्या होणाऱ्या बायकांनी रेशनसाठी, पाण्यासाठी, सुरक्षिततेसाठी एकमेकींची वाट पाहत बसू नये, हाक द्यावी.

पुढच्या भागात : मथुरा प्रकरण आणि १९८३चा कायदाबदल.