सिरका आणि धूर

सेव-उसळीची थाळी पुढे आली म्हणजे ती मराठी की गुजराती, असा प्रश्न बडोद्यात कोणी विचारीत नाही. उसळ आपण आणली, वर भुरभुरलेली शेव इथली, आणि रश्शाचा तिखटपणा दोघांनी मिळून ठरविलेला. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या घरांत पेहराव बदलतो, बोलीही बदलते. चूल सर्वांच्या शेवटी बदलते, आणि बदलली तरी जुने सारे टाकून देत नाही. अशाच एका दूरच्या चुलीची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात टेंपल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्या आसपासच्या वस्तीला २००२ साली ‘हिस्टॉरिक फिलिपिनोटाउन’ असे अधिकृत नाव मिळाले. याच रस्त्यावर २०१२ साली जॉनएरिक काँकॉर्डिया व त्यांच्या मंडळींनी ‘द पार्क्स फायनेस्ट’ नावाचे उपाहारगृह उघडले. अमेरिकन बार्बेक्यू आणि फिलिपिनी चव यांचा मेळ, हे त्याचे वैशिष्ट्य. शाकाहारी वाचकांनी कंटाळू नये. आपला विषय मांसाचा नसून मेळाचा आहे.

बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यावर झटपट भाजणे नव्हे. लाकडाच्या मंद धगीवर आणि धुरात मांसाचा मोठा तुकडा तासन्‌तास ठेवावयाचा. घाई करणाराचे तेथे काम नाही. शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरील आदिवासींचा. स्पॅनिश लोकांच्या तोंडून तो जगभर गेला. त्याच स्पेनने १५६५ पासून फिलिपाइन्स बेटांवर आपला अंमल बसविला होता. तेथला घरोघरीचा पदार्थ ‘अदोबो’: सिरका, लसूण, मिरे, तमालपत्र आणि सोया सॉस यांत मुरवून शिजविलेले मांस. उष्ण दमट हवेत अन्न टिकावे म्हणून सिरका. गोमंतकात ज्यांचे सोयरे आहेत, त्यांना माडीचा सिरका व विंदालूची आठवण येथे झाल्यावाचून राहणार नाही. एकीकडे पोर्तुगीज, दुसरीकडे स्पॅनिश. माड, सिरका आणि लसूण मात्र दोन्हीकडे.

१८९८ च्या तहाने स्पेनने ही बेटे दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केली. ती १९४६ साली स्वतंत्र झाली. मधल्या काळात फिलिपिनी तरुण मजुरीसाठी बाहेर पडले. १९०६ साली पहिली तुकडी हवाईच्या उसाच्या मळ्यांवर उतरली. पुढे कॅलिफोर्नियाच्या शेतांवर हजारो आले. भाजी खुडावयास त्यांचे हात हवे होते, पण पंगतीला ते नको होते. १९३० च्या सुमारास स्टॉक्टन गावच्या हॉटेलावर ‘फिलिपिनोंना सक्त मनाई’ अशी पाटी लागलेली होती. मग त्यांचे अन्न घरातच राहिले. २०२० च्या शिरगणतीत अमेरिकेतील फिलिपिनी वंशाचे लोक चव्वेचाळीस लाखांच्या आसपास भरले. इतकी मोठी जमात, तरी तिच्या पानाची ओळख शेजाऱ्यांना फार उशिरा झाली.

हा इतिहास ठाऊक असला म्हणजे टेंपल स्ट्रीटवरच्या पाटीचे मोल कळते.

पण दोन चवी एका ताटात आल्या म्हणजे मेळ झाला, असे नाही. आम्हा गाणे शिकविणाऱ्यांना हे रोज दिसते. बसंत-बहार गावयाचा तर बसंतातून बहारात उतरण्याची वाट आधी सापडावी लागते. नाहीतर अर्धा बसंत आणि अर्धा बहार अशी ठिगळे दिसतात, जोडराग होत नाही. येथे ती वाट सिरक्याने दिली. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना प्रांताच्या पूर्व भागात बार्बेक्यूवर सिरका व मिरचीचे पातळ पाणीच शिंपडतात. म्हणजे आंबट आणि धुरकट यांची सोयरीक तेथे आधीच जुळलेली होती. निखाऱ्यावर भाजणे फिलिपिनोंनाही नवे नव्हते. त्याला ते ‘इनिहाव’ म्हणतात.

दुसरे उदाहरण गोडाचे. ‘बिबिंका’ हा तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधाचा फिलिपिनी केक. केळीच्या पानावर ओतून खाली-वर विस्तव ठेवून भाजतात. गोव्याच्या बेबिंकेशी त्याचे नावात साम्य आहे, आणि विस्तवाच्या रीतीतही. या उपाहारगृहाने अमेरिकेच्या मक्याच्या पावाशी त्याची गाठ घातली. नारळाच्या दुधात शिजविलेल्या मांसाच्या एका पदार्थाला तर ‘मामा लीआ’ असे घरातल्या बाईचे नाव दिले.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गाण्यात आपण घराण्याचे, गुरूचे नाव आदराने घेतो, नाव घेताना कानाची पाळी धरतो. स्वयंपाकाचेही घराणे असते. त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. आपल्या घरच्या आमटीत गूळ नेमका कोणाच्या हाताने वाढला, कोकम कोणी सोडले, चिंच कोणी धरली, हे सांगणाऱ्या वृद्धा आता थोड्याच उरल्या आहेत. प्रमाण विचारले तर त्या ‘अंदाजाने’ म्हणतील. तो अंदाज त्यांच्याजवळ बसून, वाटी हातात घेऊन, शिकून घ्यावा. आणि वहीत पाककृतीच्या डोक्यावर त्यांचे नाव लिहावे.