मोह कोणाच्या नांवें, चांगुलपणा कोणाच्या खातीं?

ख्रिस्ती लोक जिला प्रभूची प्रार्थना म्हणतात, तिच्यांतील एका लहानशा वाक्यावरून गेल्या कांहीं वर्षांत युरोपांत बराच वाद झाला. देवानें आपणांस मोहांत नेऊं नये, अशी त्या वाक्यांत याचना आहे. फ्रान्समधील कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनीं ३ डिसेंबर २०१७ पासून तें भाषांतर बदलून, देवानें आपणांस मोहांत शिरूं देऊं नये, अशा अर्थाचें केलें. त्याच महिन्यांत तेव्हांचे पोप फ्रान्सिस यांनीं एका मुलाखतींत जुन्या शब्दयोजनेवर उघड आक्षेप घेतला. पडतो तो मनुष्य. त्याला ढकलून तो कसा पडतो हें पाहत बसणें बापाचें काम नव्हे, बाप पडलेल्यास उचलतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. इटलींतील चर्चांत २९ नोव्हेंबर २०२० पासून नवे शब्द चालू झाले. जर्मन बिशपांनीं मात्र जुनेच शब्द कायम ठेवले.

हा पंडितांचा शब्दच्छल आहे, पेढीवर बसणाऱ्या गृहस्थास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु वाद जमाखर्चाचा आहे. मनुष्याच्या हातून जें वाईट घडतें तें कोणाच्या नांवें टाकावयाचें, आणि जें चांगलें घडतें तें कोणाच्या खातीं जमा धरावयाचें, हा तो प्रश्न. आणि ज्यानें वही लिहिली आहे त्याला सांगावयास नको कीं, रक्कम चुकीच्या खातीं पडली म्हणजे पुढचा सारा ताळेबंद खोटा होतो.

घोटाळ्याचें मूळ एका ग्रीक शब्दांत आहे. 'पेइरास्मोस' या शब्दाचे दोन अर्थ होतात. सोनार कसोटीच्या दगडावर सोनें घांसतो, तशी पारख हा एक. आणि वाईटाकडे ओढणारी भुरळ हा दुसरा. आपल्या भाषेंत परीक्षा आणि मोह हे शब्द निराळे आहेत, आणि मराठी प्रार्थनेंत 'परीक्षा' हाच शब्द रूढ झाला, म्हणून इकडील ख्रिस्ती बांधवांस ही अडचण तितकी बोंचली नाहीं. देवानें अब्राहामाची परीक्षा पाहिली असें जुन्या करारांत स्पष्ट सांगितलें आहे, व त्याबद्दल कोणाचा वाद नाहीं. पण पारख करणारा आणि भुरळ घालणारा एकच कीं काय? 

नव्या करारांतील याकोबाच्या पत्रांत या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच अध्यायांत आहे. हा याकोब येशूचा भाऊ होता अशी परंपरा आहे. तो म्हणतो, मोहांत सांपडलेल्या मनुष्यानें देवाकडे बोट दाखवूं नये. देवाला वाईटाची भुरळ पडत नाहीं आणि तो दुसऱ्यासही ती पाडीत नाहीं. ज्याला त्याला त्याची स्वतःचीच वासना ओढून नेते. येथें त्यानें योजलेला शब्द मासे धरणाऱ्यांच्या धंद्यांतला आहे. गळाला आमिष लावून भुलविणें असा त्याचा अर्थ. पुढें तो दृष्टांत बदलतो. वासनेस दिवस जातात, तिच्या पोटीं पाप जन्मतें, आणि तें वाढलें म्हणजे मृत्यूस जन्म देतें. येथें त्यानें सैतानाचेंही नांव घेतलेलें नाहीं. तो सैतान मानीत नव्हता असें नव्हे; त्याच पत्रांत पुढें त्याला अडवा असें सांगितलें आहे. पण मोहाचा हिशेब मांडतांना ती पळवाट त्यानें मोकळी ठेविली नाहीं.

ही पळवाट फार जुनी आहे. आदामास विचारतांच त्यानें बायकोकडे बोट दाखविलें, आणि ती बायको देवानेंच दिली होती हेंही सांगावयास तो विसरला नाहीं. आमच्या पेठांतही अशा सबबींचा तोटा नाहीं. व्यवहारांत लबाडी उघडकीस आली कीं कलि अंगांत शिरतो, शनि आडवा येतो, नाहीं तर दैवांतच तसें असतें. वास्तविक, मनुष्य इच्छा नसतांही पाप कां करितो, या अर्जुनाच्या प्रश्नास गीतेंत मिळालेलें उत्तर काम आणि क्रोध हेंच आहे. तेथेंही ग्रहांचें नांव नाहीं.

याकोबाच्या विचाराचा खरा कठीण भाग याच्या पुढें आहे. वाईट माझें, तर मग चांगलें तरी माझें असावें, हा सरळ न्याय. याकोब तो मान्य करीत नाहीं. प्रत्येक उत्तम देणगी वरून येते, आकाशांतील ज्योतींच्या पित्यापासून येते, असें तो म्हणतो. सूर्यचंद्र फिरतात व सावल्या सरकतात, पण तो पिता पालटत नाहीं. म्हणजे नुकसान सारें माझ्या नांवें, आणि नफा दुसऱ्याच्या खातीं! हा एकतर्फी व्यवहार पुष्कळांस खटकला आहे.

पांचव्या शतकाच्या आरंभीं यावरून ख्रिस्ती जगांत मोठा तंटा झाला. ऑगस्टिन यानें आपल्या आत्मकथनांत सोळाव्या वर्षीं केलेल्या एका चोरीची हकीकत दिली आहे. सोबत्यांसह त्यानें शेजारच्या झाडाचीं नासपतीं चोरलीं. भूक नव्हती, घरीं याहून चांगलीं फळें होतीं, चोरलेलीं बहुतेक डुकरांपुढें टाकलीं. एकटा असतों तर हें केलें नसतें, असेंही तो सांगतो. गरज नाहीं, लाभ नाहीं, तरी हात गेला. ज्याचें मन असें आहे त्यानें चांगुलपणा माझा म्हणून कोणत्या तोंडानें म्हणावें? पेलागियस या तपस्व्यास ही शिकवण घातक वाटली. चांगलें करण्याचें बळही देवानेंच द्यावयाचें असेल, तर आळशी मनुष्य हातावर हात ठेवून वाट पाहत बसेल, ही त्याची भीति. ४१८ सालीं कार्थेज येथील धर्मसभेनें त्याचें मत त्याज्य ठरविलें. मत त्याज्य ठरलें तरी भीति निराधार नव्हती, असें आम्हांस वाटतें. देवाची मर्जी होईल तेव्हां सुधारूं, असें म्हणणारे लोक प्रत्येक धर्मांत भरपूर आहेत.

याकोबास मात्र ही अडचण पडलेली दिसत नाहीं. उघड्यानागड्या, उपाशी बांधवास 'ऊब घे, पोटभर जेव' असें तोंडानें सांगून वाटेला लावणाऱ्याची श्रद्धा तो मेलेली ठरवितो. (कृतीवरील या भरामुळेंच १५२२ सालीं लूथरनें या पत्रास गवताच्या काडीची उपमा दिली, पण तें त्यानें बायबलांतून काढून टाकलें नाहीं.) देणगी वरून आली म्हणजे ती कोणाला तरी पोंचती करण्यासाठीं आली, असाच त्याचा भाव आहे. जो आपला चांगुलपणा स्वकष्टार्जित समजतो, तो गरिबास भीक घालतो आणि मान ताठ ठेवितो. सोन्याची अंगठी घालून सभेंत आलेल्यास उत्तम आसन आणि मळक्या कपड्याच्यास पायांपाशीं जागा, हा भेद याकोबानें आपल्याच मंडळींत पाहिला होता, व त्यावर त्यानें कडक शब्दांत टीका केली आहे.

व्यापाऱ्यांसही या पत्रांत जागा आहे. अमक्या शहरीं जाऊं, वर्षभर राहूं, व्यापार करूं, नफा मिळवूं, असे बेत आंखणाऱ्यास तो, उद्यां काय होईल तें तुला ठाऊक आहे काय, असें विचारतो. शेवटच्या अध्यायांत तो शेताच्या मालकांकडे वळतो. कापणी करणाऱ्या मजुरांची जी मजुरी अडकवून ठेविली आहे ती स्वतः ओरडत आहे, आणि कापणाऱ्यांच्या आरोळ्या देवाच्या कानीं गेल्या आहेत, असें तो सांगतो.

हीं दोन स्थळें एकत्र ठेवून वाचलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. आमिषाला तोंड लावणारी वासना ज्याची त्याची, हें पहिल्या अध्यायांत ठरलें. पण मजुरी अडली, घरांत दाणा नाहीं, आणि त्या मजुरानें मालकाच्या खळ्यांतून पायलीभर धान्य उचललें, तर न्यायाधीश चोरी त्या मजुराच्या नांवें लिहील, व याकोबाच्या पहिल्या अध्यायाप्रमाणें मजुरासही ती नाकारतां येणार नाहीं. पाचव्या अध्यायांत मात्र आरोपी मालक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांतही, अडखळण्याचे प्रसंग यावयाचेच, पण ज्याच्यामुळें ते येतात त्याची धडगत नाहीं, अशा अर्थाचें येशूचें वचन आहे. एकाच चोरीचीं अशीं दोन खातीं निघतात. आमच्या गिरण्यांच्या, वखारींच्या आणि दुकानांच्या वह्यांत पहिलें तेवढें लिहिलेलें सांपडतें.